व्हायकिंग सूडपट आणि खरा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायकिंग म्हणजे मध्ययुगातले स्कँडिनेव्हियाचे दर्यावर्दी लढवय्ये. त्यांच्यावरचा मोठ्या बजेटचा सिनेमा आला की ठरावीक प्रश्न येतातच. हे खरंच असं होतं का? ती शिंगं कुठे गेली? त्या बाईच्या दातांना तारा कशा? इथली बहुतेक उत्तरं २०२२ सालच्या ‘द नॉर्थमन’भोवती आहेत. ७ ते ९ कोटी डॉलर खर्चून इतक्या निष्ठेने इतिहास उभा करू पाहणारा दुसरा व्हायकिंग सूडपट माझ्या पाहण्यात नाही. मी तो तीनदा पाहिला, तिन्ही वेळा भारावून गेलो, आणि एका गोष्टीबद्दल तिन्ही वेळा हळहळलो. ती गोष्ट पुढे येईलच. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहा, कारण इथे शेवटही सांगितला आहे.

या सिनेमाची कथा खरी आहे का?

सिनेमाचा नायक अम्लेथ नावाचा राजपुत्र होऊन गेला याचा कोणताही पुरावा नाही. कथा मात्र फार जुनी आहे. सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश लेखकाने इ.स. १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये डेन्मार्कचा इतिहास लिहिला, त्यात ती सविस्तर आहे. भाऊ भावाला मारतो, त्याच्या बायकोशी लग्न करतो आणि पुतण्या सूड घेतो. हे ओळखीचं वाटत असेल तर बरोबरच आहे. हीच कथा सोळाव्या शतकात फ्रेंचमध्ये गेली आणि तिथून शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’पर्यंत पोहोचली. मराठीत तिला गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून आणलं आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो राजपुत्र रंगभूमीवर गाजवला. म्हणजे अम्लेथशी मराठी माणसाची ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. फक्त ती डेन्मार्कहून इंग्लंडमार्गे झाली.

सॅक्सोचा अम्लेथ शेक्सपिअरच्या राजपुत्रापेक्षा रांगडा आहे. जीव वाचवायला तो वेडाचं सोंग घेतो. अंगाला राख फासून चुलीशी बसतो, लाकडाचे वाकडे आकडे तासतो आणि विस्तवावर कडक करतो. कशासाठी म्हणून विचारलं, तर बापाच्या सुडासाठी भाले करतोय म्हणून सांगतो. लोक हसतात. आईशी एकांतात बोलताना पेंढ्याखाली हेर लपलाय असा संशय येतो, तेव्हा तो कोंबड्यासारखा आरवत, हात फडफडवत पेंढ्यावर उड्या मारतो. पायाला काहीतरी लागतं. तिथेच तलवार खुपसून तो हेराला मारतो, तुकडे उकळतो आणि डुकरांना टाकतो. शेवटी स्वतःच्याच श्राद्धाच्या मेजवानीत हजर होतो, सरदारांना झिंगेपर्यंत पाजतो, आईने विणलेला भिंतीवरचा भलामोठा पडदा त्यांच्यावर पाडतो आणि त्याच जुन्या आकड्यांनी असा घट्ट अडकवतो की कोणाला उठता येत नाही. मग वाड्याला आग लावतो.

त्यानंतर जे होतं ते लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. चुलत्याला मारल्यावर अम्लेथ आधी लपून बसतो. लोकांना हे कसं वाटतंय याचा अंदाज घेतो. मग सगळ्यांसमोर उभा राहून लांबलचक भाषण करतो: मी हे का केलं, माझ्यावर काय अन्याय झाला, तुमच्यावर काय झाला. लोकांना ते पटतं आणि ते त्याला राजा करतात. सिनेमात यातलं काहीही नाही.

मग सिनेमाने सॅक्सोची कथा जशीच्या तशी का घेतली नाही?

दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स आणि सहलेखक, आइसलँडचा कवी-कादंबरीकार स्योन, यांनी गाभा सॅक्सोचा घेतला आणि भोवतालचं जग आइसलँडच्या सागांमधून उचललं. सागा म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेल्या गद्य कथा. त्यांतल्या घटना त्याच्या दोन-तीनशे वर्षं आधीच्या. सिनेमा इ.स. ८९५ ला सुरू होतो आणि थोड्या वर्षांनी आइसलँडला जातो. भावाचं राज्य बळकावणारा फ्योल्निर नॉर्वेच्या हॅराल्ड राजापुढे ते गमावतो आणि आइसलँडमध्ये मेंढ्या पाळून राहतो. सुरुवातीचे अनेक वसाहतकार हॅराल्डच्या जाचामुळेच नॉर्वे सोडून आले असं सागा वारंवार सांगतात, त्यामुळे हा बदल कथेच्या काळाशी चांगला जमतो. ज्याच्या गळ्याचा घोट घ्यायला नायक आयुष्यभर तळमळला, तो आता राजा उरलेलाच नाही, एका खेड्यातला शेतकरी झालाय. ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

शिंगांची शिरस्त्राणं का दिसत नाहीत?

व्हायकिंग लढाईत ती घालत नव्हते म्हणून. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरामालिकेचा पहिला प्रयोग झाला, त्याचे पोशाख कार्ल एमिल डोप्लरने केले होते. शिंगं आणि पंख तिथून जगभर गेले. डेन्मार्कमध्ये वेक्सो गावाजवळ १९४२ साली खरी शिंगांची दोन शिरस्त्राणं सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, इ.स.पू. ९०० च्या सुमाराची, म्हणजे व्हायकिंगांच्या सतराशे वर्षं आधीची. प्रत्यक्ष व्हायकिंग काळातलं, जवळपास पूर्ण असं एक शिरस्त्राण नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३ मध्ये मिळालं. गोल टोपीसारखं आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी असलेलं. बहुतेक लढवय्यांना तेही परवडत नसावं.

कपडे, घरं, जहाजं कितपत अचूक आहेत?

इथे सिनेमाला मनापासून दाद द्यावी लागते. उप्साला विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ नील प्राइस, आइसलँडचे लोकसाहित्याचे अभ्यासक टेरी गनेल आणि साहित्याच्या अभ्यासक योहाना काट्रीन फ्रिड्रिक्सडॉटिर हे सल्लागार होते, आणि त्यांचं ऐकलं गेलं हे पडद्यावर दिसतं. घराच्या मधोमध लांबट आगटी आहे. दोन्ही बाजूंना बसायचे आणि झोपायचे कट्टे आहेत. धुराने काळवंडलेला अंधार आहे. भिंती गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या थरांच्या आहेत. आइसलँडमध्ये स्टोंग इथे असंच एक घर होतं, ते ११०४ च्या हेक्ला ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेखाली गाडलं गेलं असं मानलं जातं. ते उकरून काढल्यावर त्याच्या आराखड्यावरून १९७० च्या दशकात जवळच प्रतिकृती बांधली. तिचे फोटो पाहून मग सिनेमातलं फ्योल्निरचं घर पाहा.

माझी एकच तक्रार आहे: रंग. मोठ्या व्हायकिंग सिनेमांना राखाडी आणि तपकिरी यांशिवाय काही सुचत नाही, आणि हाही त्यातून पूर्ण सुटलेला नाही. खऱ्या व्हायकिंगांना रंगांचं वेड होतं. मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांपासून ते लाल रंग करत. वोड नावाच्या झाडापासून निळा, आणि त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. दगडफुलापासून जांभळट छटा. नॉर्वेत १८८० साली गोकस्टाडचं जहाज उकरलं तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना मिळून ६४ ढाली होत्या, एक पिवळी, एक काळी अशा आलटून पालटून रंगवलेल्या. समुद्रातून येणारं ते जहाज डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर असं एखादं जहाज मला फार पाहायचंय.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही: शीड. ते लोकरीचं असे. मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजायची, टकळीवर सूत काढायचं, उभ्या मागावर विणायचं आणि मग चरबी व डांबरासारखा लेप द्यायचा. एका मोठ्या शिडामागे अनेक बायकांच्या कित्येक वर्षांची मेहनत असे. लुटीला निघालेलं प्रत्येक जहाज त्या कामावर तरंगत होतं. आइसलँडमध्ये तर हातविणीचं लोकरी कापड चलन म्हणून चालत असे. सूडपटांना तलवारीचं वेड असतं आणि टकळी पडद्यावर आली तर कोपऱ्यात येते.

आइसलँड इतकं उजाड होतं का?

तेव्हा नव्हतं. आरी थोर्गिल्ससन हा आइसलँडचा पहिला इतिहासकार बाराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की वसाहत झाली तेव्हा डोंगर आणि किनारा यांच्यामध्ये जंगल होतं. ते बहुतेक बुटक्या बर्चचं असावं. माणसांनी तोडलं, मेंढ्यांनी पुन्हा उगवू दिलं नाही. सिनेमातली हिरवी, झाडं नसलेली कुरणं दिसतात सुंदर (बरंचसं चित्रीकरण उत्तर आयर्लंडमधलं आहे), पण दहाव्या शतकाच्या आरंभी ती इतकी मोकळी झालेली नसणार.

त्या वाल्किरीच्या दातांना तारा कशा?

त्या तारा नाहीत. स्वर्गाकडे घोडा फेकणारी ती वाल्किरी तोंड उघडते तेव्हा पुढच्या दातांवर आडव्या रेषा दिसतात आणि लोकांना वाटतं की नटी तारा काढायला विसरली. दातांवर खाचा पाडायची पद्धत खरोखर होती. स्वीडनमधल्या मानवशास्त्रज्ञ कॅरोलिन आर्चिनी यांनी व्हायकिंग काळातल्या ५५७ सांगाड्यांची तपासणी केली. त्यांतल्या २४ जणांच्या वरच्या पुढच्या दातांवर अशा कोरलेल्या आडव्या खाचा आढळल्या. काम इतकं सफाईदार होतं की ते कसबी माणसानेच केलेलं असणार. खाचांत रंग भरत असावेत असाही तर्क आहे.

पण ते चोवीसही जण पुरुष होते. सिनेमाने पुरातत्त्वातली अस्सल गोष्ट घेतली आणि देवलोकातल्या बाईला दिली. मला हे आवडलं. वाल्किरी ही रणांगणावरून मेलेल्यांना उचलून नेणारी, तिच्या अंगावर लढवय्यांची खूण असणं साजतं. तरीही “हे ऐतिहासिक आहे” असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर हा बारकावा त्यांना सांगा.

लांडग्याचं कातडं पांघरून नाचणारे योद्धे खरे होते का?

‘बर्सर्कर’ आणि ‘उल्फहेडनार’, म्हणजे लांडग्याच्या कातड्याचे, हे शब्द जुने आहेत. हॅराल्ड राजाच्या स्तुतीच्या काव्यात ते लढाईत ओरडताना आणि शस्त्रं नाचवताना दिसतात. स्वीडनच्या ओलांड बेटावर टोर्सलुंडा इथे १८७० साली कांस्याचे चार छाप सापडले. त्यांतल्या एकावर शिंगांचा मुकुट घातलेला एक पुरुष नाचतोय आणि शेजारी लांडग्याच्या कातड्यातला भालाईत उभा आहे. गावावर हल्ल्याच्या आदल्या रात्रीचा सिनेमातला नाच त्याच छापातून जिवंत झाल्यासारखा वाटतो. हे छाप मात्र व्हायकिंग काळाच्या शे-दोनशे वर्षं आधीचे आहेत. (शिंगं इथे आहेत, पण विधीत. लढाईत नाहीत.)

ते आळिंबी खाऊन बेभान होत, ही गोष्ट तर विसरूनच जा. ती अठराव्या शतकातल्या एका स्वीडिश विद्वानाची अटकळ आहे. मध्ययुगातल्या कोणत्याही लिखाणात तिचा मागमूस नाही.

बाप-लेक भुयारात कुत्र्यांसारखे रांगतात आणि भुंकतात तो दीक्षाविधी रचलेला आहे. असा विधी जसाच्या तसा कुठेही वर्णिलेला नाही. तरी माणूस आणि जनावर यांच्यातली रेष पुसट मानणारं ते मन खरं वाटतं. भविष्य सांगणाऱ्या व्होल्वा होत्या, थडग्यात जागे असलेले प्रेतात्मे लोकांना खरे वाटत, आणि अम्लेथ थडग्यात उतरून तलवार मिळवतो तसा प्रसंग ग्रेटिरच्या सागेतही आहे. सिनेमा या श्रद्धांना वेड्यांचा बाजार म्हणून दाखवत नाही, पात्रांना जे दिसतं ते आपल्यालाही दाखवतो. याबाबतीत तो इतर सगळ्यांच्या पुढे आहे.

गुलामगिरी एवढी होती?

होती, आणि या सिनेमातली सर्वांत खरी गोष्ट माझ्या मते हीच आहे. जुने व्हायकिंग सिनेमे सोन्याचे पेले आणि चर्चमधली चांदी दाखवत. खरी लूट बहुतेकदा माणसांची होती. पूर्वेकडे नद्यांमार्गे स्लाव्ह मुलुखातून, पश्चिमेकडे आयर्लंडमधून माणसं पकडायची आणि विकायची. डब्लिन, बिर्का, हेडेबी या तेव्हाच्या व्यापारी गावांत लोखंडी बेड्या सापडल्या आहेत. नायक स्वतः एका गावावर हल्ला करतो, त्या गावच्या लोकांना घरात कोंडून जाळलं जातं आणि उरलेल्यांची विक्रीसाठी वाटणी होते. त्याला काही वाटत नाही. प्रेक्षकाला वाटतं. सिनेमाने हे धाडस केलंय.

आजच्या आइसलँडच्या लोकांची जनुकं तपासली तेव्हा दिसलं की पहिल्या वसाहतीतले बहुसंख्य पुरुष स्कँडिनेव्हियातले, पण निम्म्याहून जास्त स्त्रिया आयर्लंड आणि स्कॉटलंडकडच्या. त्यांतल्या किती मर्जीने आल्या असतील याचा विचार करा.

सिनेमातली गुलाम ओल्गा आवडली असेल तर लाक्सदाल सागेतली मेल्कोर्का वाचा. होस्कुल्ड नावाचा आइसलँडकर बाजारात जातो. ‘रशियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिल्लीच्या तंबूत पडद्यामागे बारा बायका बसल्या आहेत. इतरांची किंमत एक मार्क चांदी, पण कडेच्या फाटक्या कपड्यांतल्या एकीची तीन. का, तर ती सुंदर आहे. आणि तिच्यात खोट आहे, ती मुकी आहे, हेही व्यापारी सांगून टाकतो. होस्कुल्ड तिला विकत घेतो. घरी तिला मुलगा होतो. मुलगा दोन वर्षांचा असताना एका सकाळी ओढ्याकाठी होस्कुल्डला बोलणं ऐकू येतं. ती ‘मुकी’ आपल्या लेकराशी भरभरून बोलत असते. विचारल्यावर सांगते, मी आयरिश राजाची मुलगी, पंधराव्या वर्षी मला पळवलं. इतकी वर्षं ती शब्दही बोलली नव्हती. एवढ्या पैशांत बनवलेल्या कोणत्याही सिनेमात मी याच्या तोडीचा प्रसंग पाहिलेला नाही.

तो चेंडूचा जीवघेणा खेळ?

क्नाटलेइक्र. खेळ खरा, नियम आज कोणालाच पूर्ण ठाऊक नाहीत. सागांत तो दिवसभर चालतो आणि हाणामारी होते. एगिलच्या सागेत सात वर्षांचा एगिल खेळात आपल्याला पाडणाऱ्या मोठ्या मुलाला कुऱ्हाडीने मारतो, आणि आई म्हणते, पोरगा व्हायकिंग होणार.

बायका लढत होत्या का?

बिर्का इथलं एक थडगं १८७८ मध्ये उकरलं: तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे, सोंगट्यांचा पट. शंभरहून जास्त वर्षं सगळे त्याला नामांकित योद्ध्याचं थडगं मानत होते. २०१७ मध्ये डीएनए तपासल्यावर तो सांगाडा बाईचा निघाला. ती स्वतः लढली का, की शस्त्रं तिच्या मानाची खूण होती, यावर अजून वाद चालू आहे.

सागांतल्या बायकांचं खरं हत्यार जीभ आहे. न्यालच्या सागेतली हिल्डिगुन पाहा. तिच्या नवऱ्याला मारलंय. ज्या झग्यात तो मेला तो झगा तिने रक्तासकट जपून ठेवलाय. चुलता फ्लोसी भेटीला येतो. तो पेचात आहे, त्याला भांडण चिघळवायचं नाही. ती त्याला जेवू घालते आणि मग तो झगा त्याच्या खांद्यांवर टाकते. सुकलेल्या रक्ताच्या खपल्या त्याच्या अंगावरून खडखडत खाली पडतात. ती म्हणते, हा झगा तूच माझ्या नवऱ्याला भेट दिला होतास, आता मी तुला परत करते. फ्लोसीचा चेहरा एकदा रक्तासारखा लाल, एकदा गवतासारखा पिवळा, एकदा मरणासारखा काळा होतो. सूड बहुतेक वेळा असा सुरू होत असे, एखाद्या बाईच्या घरात, जेवणानंतर.

म्हणजे सूड घेणं हा त्यांचा धर्मच होता?

माझी हळहळ आहे ती इथे. सिनेमात लहान अम्लेथ होडीत वल्ही मारत एकच गोष्ट घोकतो: बापाचा सूड घेईन, आईला सोडवीन, चुलत्याला मारीन. पुढे सगळं त्या शपथेवर चालतं. एक माणूस, एक नियती, एक तलवार. भोवती समाज नाही. शेजारी नाहीत, पंच नाहीत, सभा नाही.

सागांतला सूड असा नव्हता. तिथे आधी प्रश्न यायचा: भरपाई किती? माणसाच्या जिवाची किंमत ठरलेली असे आणि ती मान्य केली तर नामुष्की नव्हती. खटले ‘थिंग’ नावाच्या सभेत चालत. ९३० च्या सुमारास सगळ्या बेटाची ‘अल्थिंग’ सुरू झाली, पण स्थानिक सभा त्याआधीपासून होत्या. दोषी ठरलेल्याला तीन वर्षं देशाबाहेर काढत. गुन्हा मोठा असेल तर कायमचा बहिष्कृत करत, आणि मग त्याला कोणीही मारू शके. त्याला थारा देणारासुद्धा गुन्हेगार ठरे. फ्योल्निर हा खरोखरचा शेतकरी असता तर आपली माणसं रात्री मारली जाताहेत म्हटल्यावर तो आधी शेजाऱ्यांकडे धावला असता, साक्षीदार गोळा केले असते. सिनेमात खोऱ्यात जणू दुसरं घरच नाही.

न्यालच्या सागेत दोन मित्र आहेत, न्याल आणि गुन्नार. त्यांच्या बायकांचं मानापानावरून बिनसतं. एक बाई दुसरीच्या नोकराला मारवते. गुन्नार बारा औंस चांदी मोजून न्यालला देतो. न्याल ती पिशवी तशीच बाजूला ठेवतो. पुढच्या वर्षी त्याची बायको खून करवते तेव्हा तीच पिशवी तो गुन्नारला परत देतो. दरवर्षी मेलेला माणूस आधीच्यापेक्षा वरच्या दर्जाचा असतो, भरपाई वाढत जाते, आणि दोन शहाणे मित्र चांदी मोजत राहतात. शेवटी चांदीने भागत नाही. हिल्डिगुनच्या नवऱ्याच्या खुनासाठी अल्थिंगमध्ये तिप्पट भरपाई ठरते, सगळ्यांनी वर्गणी काढून रास रचली जाते, तडजोड झाल्यातच जमा असते. न्याल त्या राशीवर सद्भावनेने एक रेशमी झगा ठेवतो. फ्लोसी विचारतो, हा कोणाचा? कोणी बोलत नाही. त्या शांततेत त्याला अपमान दिसतो, टोमण्याला टोमणा लागतो, तो रास लाथाडतो, आणि पुढे न्यालचं घर माणसांसकट जाळलं जातं. आग लागण्याआधी आग थांबवायचा एवढा प्रयत्न झालेला असतो, म्हणून ती आग वाचताना घसा कोरडा पडतो.

आपल्याकडच्या ऐतिहासिक सिनेमांबद्दलच्या वादांतही आपण पगडीचा पीळ आणि तलवारीची मूठ तपासतो आणि माणसं आपसांत न्याय कसा करत होती हे विचारायचं राहून जातं. ‘द नॉर्थमन’मध्ये टाका अन् टाका तपासलेला आहे. सभा मात्र पटकथेतच नव्हती, त्यामुळे ती तपासायला सल्लागाराला जागाच नव्हती.

सिनेमाच्या शेवटासारखं ज्वालामुखीच्या तोंडाशी उघड्या अंगाने द्वंद्व करत?

नाही. द्वंद्वाला ‘होल्मगंगा’ म्हणत आणि कोर्माकच्या सागेत त्याचे नियम दिले आहेत. पाच हात लांब-रुंद कापड जमिनीला खुंट्यांनी ठोकायचं. भोवती हेझलच्या काठ्या आणि दोरी. प्रत्येकाला तीन ढाली. कापडावर रक्त सांडलं की द्वंद्व संपलं तरी चालेल, ज्याला जखम झाली त्याने तीन मार्क चांदी द्यायची. म्हणजे बरंचसं कोर्टासारखं. आइसलँडने १००६ च्या सुमारास द्वंद्वावर बंदीच घातली. हेक्ला हे नरकाचं दार ही कल्पनाही उशिराची. ११०४ च्या उद्रेकानंतर युरोपातल्या ख्रिस्ती लेखकांनी ती पसरवली. डोळ्यांचं पारणं फेडणारा प्रसंग आहे यात शंका नाही. इतिहासाशी त्याचा संबंध नाही.

पाठ फाडून फुप्फुसं बाहेर काढायची, तो ‘रक्तगरुड’?

काही सागांत उल्लेख आहे, पण त्या घटनांनंतर फार उशिरा लिहिलेल्या. जुन्या काव्यातल्या एका गूढ ओळीचा, म्हणजे गरुडाने प्रेत टोचण्याचा, पुढच्या लेखकांनी विपर्यास केला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. पुरावा म्हणून एकही सांगाडा मिळालेला नाही. मालिकांनी तो लोकप्रिय केला एवढंच.

सगळे गोरे आणि सोनेरी केसांचे होते?

नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ४४२ जणांचे जनुकसंच तपासले. अनेकांच्या पूर्वजांत दक्षिण युरोपातले लोक होते आणि तपकिरी केस सर्रास होते. काही व्हायकिंग थडग्यांतली माणसं मुळात स्कँडिनेव्हियन रक्ताची नव्हतीच. वंशाच्या शुद्धतेचं राजकारण करणारे या काळाला आपला झेंडा करतात म्हणून हे ठासून सांगावं लागतं.

भारताशी काही संबंध आला होता का?

थेट येण्याजाण्याचा नाही, पण वस्तूंचा आला. स्टॉकहोमजवळच्या हेल्यो बेटावर १९५६ मध्ये उत्खननात कांस्याची एक बुद्धमूर्ती निघाली, ८.४ सेंटिमीटर उंच, पद्मासनातली. सहाव्या शतकाच्या सुमाराची, स्वात किंवा काश्मीरकडची. त्याच ठिकाणी आयर्लंडमधल्या बिशपच्या दंडाची मूठ आणि इजिप्तकडची पळीही मिळाली. मूर्ती किती हातांतून गेली असेल, आणि ज्याच्या घरात ती पोहोचली त्याला ती कोणाची वाटली असेल? हातात सहज मावणारी ही मूर्ती मला कोणत्याही सिनेमातल्या लढाईपेक्षा त्या जगाचा पसारा जास्त दाखवते.

हा सिनेमा आवडला, आता काय पाहू, काय वाचू?

‘उतलागिन’ हा १९८१ चा आइसलँडचा सिनेमा गिस्लीच्या सागेवर आहे. पैसा थोडा, पण बहिष्कृत माणसाची घुसमट पुरेपूर. १९८४ चा ‘व्हेन द रेव्हन फ्लाइज’ आयरिश माणसाच्या बाजूने सूड सांगतो. वाचायला गिस्लीची सागा छोटी आहे, तिथून सुरुवात करा. मग एगिल, मग न्याल. न्यालला शेकडो पात्रं आहेत, शेजारी कागद ठेवून नावं लिहीत गेलात तर सोपं जाईल.

पण सूडकथा शेवटी कोणाच्या तरी मरणावरच संपणार ना?

न्यालची सागा तशी संपत नाही. जळत्या घरात लढणाऱ्यांपैकी कारी हा एकटा जिवंत सुटतो. त्याचा मुलगा आत मेलेला असतो. पुढे कित्येक वर्षं तो घर जाळणाऱ्यांना एकेक करून मारत देशोदेशी फिरतो. फ्लोसी मात्र अजून जिवंत असतो. शेवटी कारी आइसलँडला परततो तेव्हा वादळात त्याचं जहाज फ्लोसीच्याच गावाजवळ फुटतं. बर्फ पडत असतं. सोबतचे विचारतात, आता कुठे जायचं? कारी म्हणतो, फ्लोसीकडे, त्याच्या मनाचा मोठेपणा पाहू. ते दारात येतात. फ्लोसी आत बसलेला असतो. तो कारीला लगेच ओळखतो, उठतो, त्याचं चुंबन घेतो आणि आपल्या शेजारच्या उच्चासनावर बसवतो. कारी तो सगळा हिवाळा तिथेच राहतो. त्याची बायको तोवर वारलेली असते. फ्लोसी त्याला आपली पुतणी देतो: तीच हिल्डिगुन, जिने रक्ताचा झगा फ्लोसीच्या खांद्यावर टाकला होता.